माणातून इंदापुरात आलेल्या खापरपणजोबांचा माग

इंदापूर तालुक्यातली आमची बरीचशी जमीन उजनी धरणाच्या पाण्यात गेली. वर राहिलेला तुकडा अजून आमच्याकडे आहे. "आपण मूळचे इथले न्हाई, माणातनं आलोय," असं आमचे आण्णा सांगायचे. कुठल्या गावातून आणि कधी, ते मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. आण्णा गेल्यावर मी कागद शोधायला लागलो.

सुरुवात सातबाऱ्यापासून केली. त्यावर गट नंबर होता. तो घेऊन अभिलेख कक्षात गेलो, तर कारकुनानं सर्व्हे नंबर मागितला आणि अर्ज परत दिला. १९४७च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या कागदांना हा नवा नंबर माहीतच नसतो. हे मला तिथे कुणी सांगितलं नाही. नुसते हेलपाटे झाले. शेवटी शेजारच्या गावातल्या एका निवृत्त तलाठ्यांनी वाट दाखवली. "आधी मोजणी ऑफिसात जा. एकत्रीकरणाच्या पत्रकात जुना आणि नवा नंबर शेजारी शेजारी असतो." तो कागद मिळाला आणि गाडं हललं.

सर्व्हे नंबरावरून फेरफार निघाले. हक्कनोंदणी १९०३च्या कायद्यानंतरची, त्यामुळे त्यातून पणजोबांपर्यंतच जाता आलं. पण वारसाचे फेरफार नीट वाचावेत. कोण मयत झालं, मागे मुलं किती, अज्ञान कोण, सगळं त्यात असतं. आमच्या घरात कधीच ज्यांचं नाव निघालं नव्हतं, अशा एका विधवा चुलत पणजीचं नाव मला तिथे सापडलं. वाईट वाटलं.

त्याआधीचं शेतवार पत्रक मोडीत होतं. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांकडे रांग असते, आम्हीही थांबलो. वाचणाऱ्या बाईंनी एक गोष्ट चांगली सांगितली. एकच पान आणू नका, त्याच हातची आणखी पानं आणा, म्हणजे लिहिणाऱ्याचं वळण कळतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, ओळ न तोडता लिहिलेलं असतं, त्यामुळे नावं फसवतात. आडनावं तर बहुतेक नसतातच. 'अमका बिन तमका' एवढंच. पण त्यात बाप आणि लेक दोन्ही येतात. आमच्या गावात एकाच नावाचे दोन खातेदार होते, ते या 'बिन'मुळेच वेगळे करता आले. साल फसली असेल तर ५९० मिळवायचे, म्हणजे १२८० फसली हे १८७०-७१ होतं.

खरा धागा मात्र सरकारी दप्तरात नव्हता. भावकीतल्या एका काकूंच्या पत्र्याच्या पेटीत जुनं गहाणखत निघालं. त्यात खापरपणजोबांच्या नावापुढे 'राहणार' म्हणून माण तालुक्यातलं गाव होतं आणि 'हल्ली वस्ती' म्हणून आमचं. खाली 'निशाणी नांगर' असं लिहून बारीक नांगर काढलेला. ईस लांब, फाळाच्या टोकाशी शाई जरा साचलेली. लिहिता न येणारा कुणबी असंच निशाण करायचा. मी त्या नांगरावर बोट ठेवलं. काकू काहीतरी विचारत होत्या, मला बोलता येईना.

ते इकडे का आले असावेत, याचा अंदाज नंतर वाचनातून आला. कंपनी सरकारचा प्रिंगलसाहेबाचा सारा इतका जड होता की, इंदापुराकडच्या जमिनी पडीक पडल्या. १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासूनच नवी मोजणी सुरू केली, सारा उतरवला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. पडीक रानं पुन्हा नांगराखाली येऊ लागली. माण कायमचा दुष्काळी. अशा वेळी हलक्या साऱ्याच्या रानाची बातमी तिकडे पोचली असणार, असं मला वाटतं.

कुणी शोधायला निघालं तर जुना तालुका आधी विचारून घ्या. भीमथडी तालुका जुन्या कागदांत सतत येतो, आज त्या नावाचा तालुका नाही. नक्कल मागण्याआधी दप्तर बघू द्यायची विनंती करा. नाहीतर पैसे भरून भलत्याच पानाची नक्कल हातात येते. आणि पेट्या आधी बघा. भावकीत वाद असला तरी जाऊन बसा. आमचं काकूंच्या घरी जाणं-येणं बंद होतं, ते या निमित्तानं सुरू झालं.

माणातल्या त्या गावी जाऊन आलो. आमच्या आडनावाची घरं आहेत, कुलदैवत तेच, देवकही तेच. माण सातारच्या राज्यात होतं, ते राज्य १८४८ मध्ये खालसा झालं, त्यामुळे तिकडची इंग्रजी मोजणी इंदापूरच्या नंतरची. तिथल्या पत्रकात खापरपणजोबांचे वडील किंवा भाऊ सापडतात का, ते बघण्यासाठी अर्ज दिला आहे. तिथल्या एका चुलत्यांनी त्यावर माझ्याबरोबर सही केली.