डाळपुरीची जोडी

मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईत, सकाळपासूनच डाळपुरीच्या गाड्यांभोवती गर्दी जमते. डाळीचे सारण भरलेली ही मऊ पोळी जोडीनेच मिळते. तीत वालासारख्या कडधान्याची रस्साभाजी, टोमॅटोची चटणी व लोणचे घालून सुरळी हाती पडते. महाराष्ट्रातून आलेल्या प्रवाशाला पुरणपोळीचा भास होतो. पण पहिलाच घास तिखट लागतो!

ही चव येथे आली ती भारतीय मजुरांबरोबर. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी आणलेले हे मजूर जेथे उतरत, तो आप्रवासी घाट याच नगरात आहे. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. कित्येकांना मायभूमी पुन्हा दिसली नाही. तिची आठवण मात्र ताटात राहिली. आज आफ्रिकी, चिनी, युरोपीय अशा सर्व वंशांचे लोक त्याच गाडीपाशी शेजारी उभे राहून डाळपुरी खातात. परक्या घरचा घास आता साऱ्यांचा झाला आहे.