लांबून दिसणारे नाणे

पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेत बंजारा स्त्रियांच्या पेहरावावरील आरसे आणि नाणी भर गर्दीतही लांबून चमकतात. रंगमंचावरील नाण्यासाठीही हाच निकष असावा, असे माझे मत आहे. नातवाला शाळेच्या स्नेहसंमेलनात हवेतून नाणी काढून बादलीत टाकण्याचा प्रयोग करावयाचा होता. तेव्हा निवडीचे काम साहजिकच या निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे आले.

दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे. परंतु त्याची पिवळी कड आणि पांढरा गाभा दुरून एकमेकांत मिसळतात. पाचाचे पिवळे नाणे २३ मिलिमीटरचे, बोटांतच हरवणारे. राणीछाप चांदीचा रुपया मात्र ३० मिलिमीटरहून किंचित मोठा. पाश्चात्त्य जादूगारांचे आवडते अमेरिकी अर्ध्या डॉलरचे नाणेही जवळपास त्याच मापाचे असते. पण वहीपूजनातला रुपया बादलीत आपटण्यास सौभाग्यवतींनी साफ नकार दिला, आणि तो योग्यच होता.

चलनी नाण्याला रंग फासणे मला मानवणारे नव्हते. अखेर रुपयाच्याच मापाच्या पितळी चकत्या करवून चिंचेने लखलखीत घासल्या. काळ्या अंगरख्यावर पिवळा रंग खुलतो; पोलादाचा पांढरेपणा दिव्याखाली तळहाताच्या उजळपणात विरून जातो. बादली मात्र पत्र्याचीच घेतली, प्लास्टिकची नव्हे. मजुरीवरून उशिरा येणारे पालक मंडपाच्या मागेच उभे राहतात. त्यांना चकती दिसली नाही, तरी तिचा खणखणाट ऐकू यावयास हवा.