कोलाहोईची वाट

उर्दू माध्यमात भूगोल शिकवताना 'ग्लेशियर' हा शब्द आम्ही जसाच्या तसा फळ्यावर लिहितो. मराठीत त्याला हिमनदी म्हणतात. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या आम्हांला मराठी शब्द अधिक उपयोगाचा वाटतो, कारण त्यात नदी आहे. बर्फ सावकाश वाहतो, डोंगर घासतो, दगडगोटे खाली आणून टाकतो, हे एका शब्दात कळते. पण आमच्या मुलांनी पाहिलेल्या दऱ्या सह्याद्रीतल्या. काळ्या कातळात पाण्याने कोरलेल्या, तळाशी निमुळत्या. हिमनदीने कोरलेली रुंद तळाची दरी त्यांना पुस्तकातल्या चित्रातच भेटते. शिकवणाऱ्यांनाही ती चित्रातच भेटलेली.

२०२३च्या उन्हाळी सुटीत आम्ही सातजण पाठीवर सॅक घेऊन काश्मीरमधल्या कोलाहोई हिमनदीपर्यंत पायी जाऊन आलो. चौघे उर्दू शाळेतले शिक्षक, दोघे बी.एड.च्या वर्गातले गिरगावकर मित्र आणि सातवा खोताच्या वाडीतला ईस्ट इंडियन ख्रिस्ती. बेत ठरला तो त्याच्याच ओट्यावर. या वाडीला दादोबा वामन खोत यांचे नाव आहे. लाकडी जिने, कौलारू छपरे आणि दोन माणसे सॅकसह समोरासमोर आली तर एकाला मागे सरावे लागेल अशा गल्ल्या. रविवारी पहाटे सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून आम्ही वाडीतून चौपाटीला जायचो आणि शिरी रोडने मलबार हिल चढायचो. घरोघरी समजूत घालणे त्याहून अवघड होते. "हे डोंगरबिंगर आपल्या लोकांचे काम नाही," असे एका सहकाऱ्याचे वडील म्हणाले. तेव्हा आम्ही त्यांना तेव्हाच्या औरंगाबादचे पोलीस शिपाई रफीक शेख यांची हकीकत सांगितली. २०१४ साली हिमप्रपातामुळे आणि २०१५ साली भूकंपामुळे त्यांना परतावे लागले. २०१६ साली ते एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला लोकरी कानटोपी आणून दिली.

निघताना मित्राच्या आईने, आमच्या आंटीने, नव्या बॉटल मसाल्याची एक बाटली कपड्यात गुंडाळून दिली. मे महिन्यात वाडीत मिरच्या वाळतात, त्यातला तो मसाला.

वांद्र्याहून स्वराज एक्सप्रेसने जम्मू, तिथून रस्त्याने बनिहालचा लांब बोगदा ओलांडून अनंतनाग आणि पहलगाम. (जून २०२५पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेही जाते. तेव्हा ती सोय नव्हती.) पहलगामच्या वर आरू गाव. तिथे आमचे घोडेवाले चाचा भेटले. तंबू, शिधा आणि रॉकेल दोन घोड्यांवर चढले. आम्ही उर्दूचे शिक्षक आहोत हे कळल्यावर ते आम्हा साऱ्यांना 'उस्ताद' म्हणू लागले, गणित शिकवणाऱ्या गिरगावकरालासुद्धा.

आरूहून देवदार-चिडांच्या जंगलातून लिद्दरवट आणि तिथून गुज्जरांच्या मातीच्या सपाट छपरांच्या कोठ्यांजवळून वर. शेजारी लिद्दर नदी. नमाजाच्या वेळांवरून पहिल्या दिवशी थोडी चर्चा झाली. सफरीत चार रकातींच्या दोन करण्याची सवलत सर्वांनाच. पण जोहर आणि असर एकत्र पढण्याची मुभा आम्हा कोकणी शाफईंना, बरोबरच्या हनफींना नाही. दुसऱ्या दिवसापासून गिरगावचा मित्रच घड्याळ बघून त्यांना हाक मारू लागला, "चला, तुमची वेळ झाली." रात्री बॉटल मसाला घातलेले बटाटे आणि चाचांचा मिठाचा गुलाबी चहा.

तिसऱ्या दिवशी हिमनदी दिसली. चित्रातल्यासारखी पांढरीशुभ्र ती नव्हतीच. खालचा भाग दगडमातीने झाकलेला, करडा. मधूनच फटीत निळसर काच चमकावी तसा बर्फ. तोंडातून पाणी भळभळत होते. हीच लिद्दर पुढे अनंतनागची शेते भिजवून झेलमला मिळते. "माझ्या लहानपणी बर्फ या दगडांपर्यंत होता," चाचांनी काठीने दाखवले. त्या दगडांपासून बर्फापर्यंत आम्हांला बराच वेळ चालावे लागले. हिमनद्या मागे हटत आहेत हे आम्ही वर्गात शिकवतो. तिथे ते अंतर पायांनी मोजले.

वर ५,४२५ मीटर उंचीचे कोलाहोई शिखर. ते १९१२ साली डॉ. अर्नेस्ट नीव्ह आणि केनेथ मेसन यांनी सर केले, असे पुस्तकात आहे. त्यांचे तंबू वाहणाऱ्यांची नावे आम्हांला कुठे वाचायला मिळाली नाहीत. ओझे वाहणाऱ्याचे नाव क्वचितच टिकते. लेहचा गुलाम रसूल गलवान त्यातला एक. साहेबांच्या तांड्यांबरोबर चाकरी करत तो तांड्यांचा प्रमुख झाला, त्याचे आत्मकथन १९२३ साली इंग्रजीत छापले गेले आणि लडाखमधल्या एका नदीला आज त्याचे नाव आहे.

सकाळी धुक्यामुळे निघायला उशीर झाला होता, म्हणून परततानाही दुपार झाली. हिमनदीच्या ओढ्यांचा एक नियम असतो. पहाटे पाणी कमी, कारण रात्री बर्फ गोठलेला. ऊन चढले की तेच पाणी दुपारपर्यंत फुगते. सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा आता मांडीपर्यंत आला होता. आमच्या ख्रिस्ती मित्राचा गुडघा सुजलेला. चाचांनी सॅक घोड्यांवर चढवल्या, आम्हांला प्रवाहाकडे तोंड करून आडवे सरकायला सांगितले आणि आधी त्या मित्राला कंबरेला धरून पलीकडे नेले. मग परत येऊन एकेकाला. सात वेळा ते त्या बर्फाच्या पाण्यातून गेले आणि आले. पलीकडे गेल्यावर त्यांच्या पोटऱ्या लालभडक झाल्या होत्या. शेकोटीपाशी बसले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "बाटलीतला मसाला शिल्लक आहे का?"

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन पठारावर दहशतवाद्यांनी २६ जणांना ठार केले. त्यात महाराष्ट्राचे सहाजण होते. धर्म विचारून गोळ्या घातल्या, असे वाचलेल्यांनी सांगितले. मृतांत सय्यद आदिल हुसेन शाह हा स्थानिक घोडेवालाही होता. पर्यटकांना वाचवायला तो हल्लेखोरांच्या आडवा गेला होता. त्या रात्री पहिला फोन खोताच्या वाडीतून आला. आंटी विचारत होत्या, "तुमचा घोडेवाला बरा आहे ना?"

सुटी संपल्यावर वर्गात एका मुलाने विचारले, "मारणारेही मुसलमान, आदिलही मुसलमान. लोकांनी विचारले तर आम्ही काय सांगायचे?" अशा प्रश्नाला बी.एड.च्या पुस्तकात पाठटाचण नसते. मारणाऱ्यांनी जे केले ते जुलूम आहे, त्याला दुसरे नाव नाही, एवढे आधी स्पष्ट सांगितले. मग फळ्यावर ओढा काढला, पाणी दुपारी का वाढते ते समजावले आणि चाचांनी आम्हांला कोणत्या क्रमाने पलीकडे नेले ते सांगितले. ज्याचा गुडघा दुखत होता तो पहिला. मुलाने तो क्रम वहीत उतरवून घेतला.

त्या मोसमात काश्मीरमधली अनेक ठिकाणे पर्यटकांसाठी बंद होती, बुकिंगे रद्द झाली होती. दुसऱ्या सफरीसाठी आम्ही दरमहा थोडे थोडे पैसे साठवत होतो. ते चाचांना पाठवावेत असे ओट्यावर सर्वांनी ठरवले आणि फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पैसे मत भेजिए उस्ताद. आप लोग आइए."

पैसे बँकेत आहेत. आंटींनी मसाल्याची बाटली बाजूला काढून ठेवली आहे.