पायांचं रामेन

आमची लेक कर्जतहून रोज लोकलने कॉलेजला जाते. मागच्या हिवाळ्यात एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्या जणी रामेन खायला गेल्या होत्या. रात्री घरी आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि भाकरी-कालवण घेऊन बसली.

"तिथे जेवली नाहीस?"

आधी म्हणाली, भूक नव्हती. मग सांगितलं, तिथल्या सुपात डुकराच्या हाडांचा अर्क होता. मैत्रिणींना मात्र तिने "पोट बिघडलंय" म्हणून सांगितलं आणि नुसतं पाणी पिऊन उठली.

ती उपाशी राहिली याचं आम्हांला विशेष वाटलं नाही. रोजे धरणारी मुलगी आहे. मनाला लागलं ते खोटं बोलणं. "दर वेळी समजावून सांगायचा कंटाळा येतो," ती म्हणाली. हराम-हलाल आम्ही तिला लहानपणीच शिकवलं होतं. चारचौघींत न लाजता 'नको' कसं म्हणायचं, ते शिकवायचं राहून गेलं होतं. त्या रात्री उपदेश करायचं जिवावर आलं. एवढंच म्हणालो, "घरी करू. बोलाव त्यांना."

रामेन म्हणजे काय, इथून आमची सुरुवात. जपानची ओळख बनलेला हा पदार्थ मुळात तिथे चीनहून आलेला पाहुणा. टोकियोच्या असाकुसा भागात 1910 साली 'राईराईकेन' नावाचं दुकान निघालं, तिथे चिनी आचारी या शेवया करत. पाकिटातलं झटपट रामेन मोमोफुकू आंदो यांनी आणलं, 1958 साली. प्रत्येक रामेन डुकराचंच असतं असंही नाही. कोंबडीचं, मासळीचंही असतं. पण लेकीला हवं होतं ते दुधासारखं पांढरं सूप. हाडं तासन्‌तास खळखळा उकळली की त्यांतला चिकटपणा आणि चरबी पाण्यात एकजीव होते, त्यामुळे तो रंग येतो.

दादींनी हे ऐकलं आणि हसत म्हणाल्या, "म्हणजे पायेच की!"

मग खाटकाकडून बकऱ्याचे आठ पाये आणि कोंबडीची हाडं आणली. दहा मिनिटं उकळून पहिलं पाणी फेकलं, हाडं धुतली, कांदा-आलं-लसूण घालून कुकरमध्ये दोन तास ठेवली. मग झाकण काढून मोठ्या आचेवर आणखी तासभर. अल्हम्दुलिल्लाह, रंग आला! जपानी लोक मासळीचा वास देतात, आम्ही बाजारातली सुकट भाजून तेलात परतली. मिरिन ही तांदळाची गोड दारू असते, म्हणून तिच्याऐवजी साखर आणि थोडं लिंबू. सोया सॉसही लेबल वाचूनच घेतला. साडेसहा मिनिटं उकडलेली अंडी रात्रभर सोया सॉस-पाण्यात बुडवून ठेवली.

घोटाळा शेवयांनी केला. खोपोलीच्या फुफीकडून हाताने फिरवायचं शेवयांचं यंत्र आणलं, जाड भोकांची जाळी लावली; पण गरम सुपात पडताच सगळ्याचा लगदा. रामेनच्या पिठात खाराचं पाणी लागतं, असं आम्ही वाचलं होतं. ते इथे कुठून आणणार? दादींनी पापडखाराची पुडी पुढे केली. तोही त्याच जातीचा खार! चारशे ग्रॅम मैदा, एकशे साठ मिलिलिटर पाणी, त्यात विरघळवलेला पाऊण चमचा पापडखार आणि चमचाभर मीठ. पीठ दगडासारखं घट्ट होतं. तासभर झाकून ठेवायचं आणि यंत्र आळीपाळीने फिरवायचं. शेवया पिवळसर उतरल्या आणि सुपात तटतटीत राहिल्या.

रविवारी चौघी मैत्रिणी आल्या. आदल्या संध्याकाळी लेक म्हणाली होती, "एक जण शाकाहारी आहे. तिचं सूप वेगळं करायचं. पातेलं वेगळं, डावही वेगळा." कोबी, गाजर, भाजलेला कांदा आणि तिळाचं वाटण घालून ते सूप तिने एकटीने केलं. शेवयांत अंडं नव्हतंच. त्या मुलीसाठी त्याही वेगळ्या पाण्यात उकळल्या.

दस्तरखानावर त्या मुलीने हळूच विचारलं, "यात काही…?"

"काही नाही. तुझं सगळं वेगळं केलंय," लेक म्हणाली. मग थोडं थांबून, "त्या दिवशी माझं पोट बिघडलं नव्हतं. आम्ही डुकराचं खात नाही. सांगायला अवघड वाटलं."

"अगं, मग सांगायचंस ना," ती मुलगी म्हणाली. "मी तर सगळीकडे विचारून हैराण असते."

एवढंच बोलणं झालं. मग दुसरीने आणखी सूप मागितलं, आणि दादी तिला पाये कसे निवडायचे ते सांगत बसल्या. संध्याकाळच्या लोकलने मुली परत गेल्या, तेव्हा एकीच्या पिशवीत पापडखाराची पुडी होती.