खडकाआडचा मासा

शिरोली एमआयडीसीत धाकट्या भावाची लहानशी फाउंड्री आहे. साच्यांच्या काळ्या रेतीपलीकडे, त्याच्या कचेरीत, खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी आहे. खरी प्रवाळे तीत नाहीत. २००१ साली ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली, म्हणून सिमेंटचे खडक.

पहिला कोरल ब्यूटी, निळ्या-केशरी अंगाचा बुटका एंजलफिश, चौथ्या दिवशी गेला. दोष माझा. दिवाळीच्या सुटीत मी तेथेच होतो. दर तासाला खाद्य टाकी, तो दिसेना म्हणून दिवा लावी. समुद्रात हा मासा दिवसभर खडकावरचे शेवाळ टिपत हिंडतो. आमचे कोरे खडक त्याला उपाशी ठेवत होते आणि माझे दाणे तळाशी कुजून पाण्यात अमोनिया सोडत होते.

दुसरा आणण्यापूर्वी भावाने सहा महिने खडकांवर शेवाळ धरू दिले. पिशवीतल्या पाण्यात टाकीचे पाणी तासभर थेंबथेंब मिसळले. दांडगट डॅमसेल जाळीपलीकडे कोंडला, दिवा मालवला. "दादा, तू काचेजवळ यायचं नाहीस," असे मला बजावले.

वर्गात नव्या, अबोल मुलाला पहिल्याच तासाला उभे करून बोलते करण्याची माझी जुनी खोड आहे. ती त्या दोन दिवसांत फार आठवली.

तिसऱ्या संध्याकाळी भट्टीतला रस ओतणे चालू होते. खडकाच्या फटीतून निळे तोंड बाहेर आले, शेवाळाला एकदा टोचून आत गेले. मी दाराआड सरकलो. ते पुन्हा आले.