कोणाकडे जायचंय?

मी बँकेत कारकून आहे. माणूस कितीही सज्जन असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. तिजोरीच्या खोलीच्या किल्ल्या दोन, त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. लॉकरलाही दोन किल्ल्या, एक गिऱ्हाइकाची आणि एक बँकेची. एकट्याला काहीच उघडता येत नाही आणि यात कोणाला अपमानही वाटत नाही. वीस वर्षं या हवेत काढल्यावर माझी अशी अवस्था झाली आहे की, चहात साखर घातली आहे असं हिने सांगितलं तरी मी एकदा ढवळून खात्री करून घेतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे डोंबिवलीतली आमची सोसायटी सुरक्षित करण्याचं श्रेय माझ्याकडे जातं. सुरुवातीला मी ते घेतही असे.

आमची सोसायटी म्हणजे दोन विंग, बत्तीस बिऱ्हाडं, रोज सकाळी वाहून जाणारी एक टाकी आणि एक मामा. मामा म्हणजे वॉचमन. मूळचे राजापूरकडचे. विसाव्या वर्षी परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि वर्षभरात, १८ जानेवारी १९८२ ला, तो प्रसिद्ध संप सुरू झाला. "मी आत पाय ठेवला आणि मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या," असं ते जरा अभिमानानेच सांगत. पुढे गिरणगावातल्या अनेकांसारखं मिळेल ते करत करत ते आमच्या फाटकाशी आले, खुर्चीत बसले आणि वीस वर्षं उठले नाहीत. खुर्चीचे तीन पाय धड होते. चौथ्याच्या जागी वीट होती.

मामा रात्री त्या खुर्चीत झोपत, हे मला कबूल करायला हवं. पण त्यांची झोपही मोठी हिशेबी. आमच्यापैकी कोणी रात्री एक वाजता मोटरसायकल फटफटत आणली तर ते कूससुद्धा बदलत नसत. मात्र अनोळखी चपलेचा आवाज आला की डोळे मिटलेले असतानाच विचारत, "कोणाकडे जायचंय?" एवढ्यावर थांबले असते तर बरं. ते पुढे माहितीही पुरवत. "ते साडेसातला येतात. सध्या बाईंशी जरा बिनसलंय, तेव्हा आठपर्यंतच या." एकदा मी बँकेतून आलो तेव्हा म्हणाले, "साहेब, तुमचा मेव्हणा येऊन गेला. पैसे मागायला आला असावा, चालण्यावरून वाटलं." मेव्हणा पैसेच मागायला आला होता, पण म्हणून काय झालं?

तर अशा या सोसायटीत एके वर्षी मे महिन्यात चोरी झाली. तीही दुपारी तीन वाजता. रात्रीच्या घरफोडीला दिवसापेक्षा जास्त शिक्षा १८६० च्या दंड संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. चोराने कायद्याचा अभ्यास केला असावा. बी विंगमधल्या एका बंद घरातून दोन बांगड्या, अकरा हजार रोख आणि एक घड्याळ गेलं. मामा त्या वेळी फाटकावर नव्हते. तळमजल्यावरच्या काकूंची गुडघ्याची औषधं आणायला गेले होते.

पोलीस आले, पंचनामा झाला. दारात दुधाच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रं साठू देऊ नका, गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जा, असं फौजदारसाहेबांनी समजावलं. त्यावर ज्यांच्याकडे चोरी झाली ते गृहस्थ म्हणाले, "वा! सांगून गेलो तर घर बंद आहे हे त्यांना कळेल की!"

लगेच सभा बोलावली. कोरमअभावी ती अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच सतरंजीवर त्याच अकरा माणसांत पुन्हा सुरू झाली. मी बोलायला उभा राहिलो. रिझर्व्ह बँकेचे लॉकरचे नवे नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहेत, त्यानुसार स्ट्राँगरूमच्या कॅमेऱ्याचं चित्रण निदान १८० दिवस जपावं लागतं आणि लॉकरमध्ये चोरी झाली तर बँकेवर वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत जबाबदारी येते, हे मी सांगितलं. 'शंभरपट' ऐकून सभा जागी झाली. मग मी २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा काढला. त्याच्या नमुना नियमांप्रमाणे रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवर शिकवावं लागतं. "आपल्या मामांचं प्रशिक्षण किती तासांचं?" मी विचारलं. कोणी बोलेना. आयुष्यात माझ्या प्रश्नाने सभा गप्प झाली ती त्या दिवशी पहिल्यांदाच.

ठरलं. आठ कॅमेरे, एक रजिस्टर आणि एजन्सीचा गणवेशातला रक्षक.

मामांना शाल, श्रीफळ आणि दोन महिन्यांचा पगार दिला. खजिनदार मीच असल्यामुळे पैसे माझ्या हातून गेले. मी नोटा दोनदा मोजल्या आणि रेव्हेन्यू स्टँपवर सही घेतली. मामांनी मोजल्या नाहीत. तसेच खिशात घालायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "मामा, मोजून घ्या."

"तुम्ही मोजल्यात ना? मग झालं," ते म्हणाले. जाताना वीट तेवढी उचलून कुंडीशेजारी नीट ठेवली.

नवा रक्षक बलियाचा, बावीस वर्षांचा. निळा गणवेश, शिट्टी, टोपी. पहिल्या संध्याकाळी त्याने मलाच अडवलं आणि कोणाकडे जायचंय म्हणून विचारलं. "माझ्याकडे," मी म्हटलं. त्याने तसं लिहून घेतलं. मला बरं वाटलं. पद्धत म्हणजे पद्धत. रविवारी मी रजिस्टरची तपासणीही करू लागलो. पहिल्या कुरिअरवाल्याने लिहिलेल्या मोबाइल नंबरखाली दिवसभराच्या सर्व पाहुण्यांनी 'वरीलप्रमाणे'च्या खुणा केल्या होत्या, पण बँकेतही आम्ही सगळं वाचून सही करतो असं नाही.

आता नानांविषयी सांगायला हवं. नाना म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. मुंबईच्या जीपीओतून निवृत्त झाले. अलीकडे विसरायला लागलेत. म्हणजे चष्मा विसरणं वगैरे नाही, तो मीही विसरतो. जेवलो हे विसरतात, आई गेली हे विसरतात. आम्ही त्याला 'वयाप्रमाणे' म्हणत होतो.

ऑगस्टमधली गोष्ट. पहाटे साडेपाचला मला जाग आली. नानांचा पलंग रिकामा, दार नुसतं लोटलेलं. मी बनियनवरच खाली धावलो.

"गये ना साहब," रक्षक म्हणाला, "एंट्री किया है." आणि त्याने मोठ्या विश्वासाने रजिस्टर पुढे केलं. नानांचं पोस्टातलं ठसठशीत अक्षर. खोली नंबर बारा. वेळ ४.२५. कारण: ड्यूटी. पूर्ण सही, तारखेसकट. त्या महिन्यातली एकही रकाना न सोडलेली ती एकमेव नोंद असेल. त्या पोराची काय चूक? मीच घालून दिलेली पद्धत त्याने पाळली होती.

ही शेजारच्या बाईंना घेऊन मंदिराच्या बाजूला शोधायला गेली. मी सेक्रेटरींना उठवून कॅमेरे लावायला सांगितले. चित्र फारच स्वच्छ होतं. आठ कॅमेऱ्यांपैकी चारांत नाना जाताना दिसले. हातात छत्री, खांद्याला डब्याची पिशवी. सही केल्यावर ते फाटकाजवळ कुंडीशी थांबले. मिनिटभर तसेच उभे. कोणाची वाट बघावी तसे. मग निघाले. ते का थांबले हे काही आम्हाला कळेना, म्हणून आम्ही ते तीन वेळा पाहिलं. मध्ये माझा फोन दोनदा वाजला. नंबर अनोळखी होता, मी कापला. अनोळखी नंबर उचलू नका, असं काउंटरवर दिवसातून दहा गिऱ्हाइकांना मीच सांगत असतो.

पोलीस चौकीत जायला शर्ट चढवून खाली आलो, तोच फाटकाशी रिक्षा थांबली. आतून मामा उतरले आणि मागून नाना.

"फोन का उचलत नाही, साहेब?" मामा म्हणाले.

वीस वर्षं तो माणूस माझ्या दारात बसला होता आणि त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता.

मामा आता स्टेशनच्या वाटेवरच्या एका इमारतीत असतात. नाना समोरून जाताना दिसले. "नेहमीचंच सांगितलं," मामा म्हणाले. "नाना, आज पोस्टाला सुट्टी आहे. मग बसले. चहा पाजला."

"नेहमीचंच म्हणजे?"

तेव्हा कळलं. गेलं वर्षभर, आठवड्यातून एक-दोनदा, नाना पहाटे पिशवी घेऊन खाली येत. मामा खुर्चीतूनच सांगत, आज सुट्टी आहे. नाना खूश होत, दोन मिनिटं बसत आणि वर येऊन झोपत. त्या वर्षभर आम्ही वर झोपलेले असू आणि मामा झोपतात म्हणून तक्रार करत असू.

"मामा, मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही दाराला कुलूप लावलं असतं," मामा म्हणाले. "पस्तीस वर्षं पहाटे उठून गेलेला माणूस. त्याला कुलूप बघून कसं वाटेल?"

मला बोलायला काही सुचेना. तेवढ्यात रक्षकाने मामांना अडवलं. "किसके पास जाना है?" मामांनी मुकाट्याने रजिस्टर घेतलं. खोली नंबर बारा. कारणाच्या रकान्याशी जरा थांबले, वर नानांनी लिहिलेलं वाचलं आणि त्याखाली लिहिलं: सुट्टी.

पुढच्या सभेत मामांना परत बोलवायचा ठराव मीच मांडला. मंजूरही झाला. मामांनी नकार दिला. "तिथे खुर्चीला चार पाय आहेत," म्हणाले. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं, फक्त कारण एवढ्या सभ्यपणे दिलं नसतं.

कॅमेरे आहेत, रजिस्टर आहे. ते असावेतच, चोर अजून सापडलेला नाही. पण मामांचा नंबर आता बत्तीसही घरांत आहे आणि नानांची गोष्टही बत्तीस घरांना सांगितली आहे. सांगताना मला लाज वाटत होती. नंतर कळलं, ए विंगमधल्या दोन घरांत हेच चाललं होतं, त्यांनाही सांगायची लाज वाटत होती. आमच्या दाराला आता घुंगरू आहे, कुलूप नाही. एक किल्ली घरात, एक फाटकावर, असा हिशेब मी मनाशी मांडला आहे. बलियाच्या त्या पोराला मी एक मराठी वाक्य पाठ करून दिलं. १६० तासांत न शिकवलेलं ते वाक्य त्याने पाच मिनिटांत आत्मसात केलं. पहाटे पिशवी घेऊन कोणी वयस्कर माणूस दिसला की तो उठून उभा राहतो आणि म्हणतो, "आज सुट्टी आहे."

परवा सकाळी मी डबा घेऊन घाईघाईने निघालो, तर तो मलाच तसं म्हणाला. मी रागाने त्याच्याकडे पाहिलं आणि फाटकाबाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर आठवलं, दुसरा शनिवार होता. बँकेला खरोखरच सुट्टी होती.

मी गुपचूप परत फिरलो. त्याने रजिस्टर पुढे केलं नाही.