दुभत्याचं खाद्य, भाकडाचं खाद्य

आमच्याकडे दोन ससे आहेत हे कळलं की लोक हमखास विचारतात, "रोज गाजरं किती लागतात हो?" गाजर म्हणजे सशाची जिलेबी. आवडते खूप, म्हणूनच रोज द्यायची नाही. खरा विचारायचा प्रश्न वेगळाच आहे, तो म्हणजे पेलेट कुठले द्यायचे? गोठ्यात गाईंना गोळीपेंड घालतात ना, तसाच हा सशांचा बारीक गोळीचा प्रकार.

भुऱ्या आणि ठमी आमच्याकडे आले ते तीन वर्षांचे होऊनच. मोशीतल्या आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब बदली होऊन गेलं, आणि पिंजरा, पाण्याचं भांडं, अर्धं पोतं खाद्य असा सगळा संसार एका विंगमधून दुसऱ्या विंगमध्ये आला. आठवडाभरातच लेकीच्या लक्षात आलं की ठमीची लघवी खडूच्या पाण्यासारखी पांढरी आणि घट्ट होतेय, आणि ती करताना ठमी कुंथतेय. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मूत्राशयात कॅल्शियमचा गाळ साठला होता. औषध लिहून देता देता ते म्हणाले, "खाद्याचं लेबल वाचलंय का?"

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. आलेला माल ड्रॉइंगप्रमाणे आहे का ते बघणं हेच माझं काम. त्या रात्री पोतं पुढ्यात घेऊन बसलो. प्रोटीन १७ टक्के, फायबर १३ टक्के, घटकांत लसूणघास आणि मका. हे खाद्य वाईट आहे की चांगलं, काही कळेना.

कळलं ते डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरलं तेव्हा. चाऱ्याच्या बियाण्याच्या स्टॉलवर एका शेतकरी काकांशी बोलताना ठमीचा विषय निघाला. ते हसून म्हणाले, "अहो, भाकड गाईला दुभत्या गाईची पेंड घालतं का कुणी?"

बस्स, सगळं त्यात आलं! ससेपालनासाठी बनलेल्या खाद्याचा हेतूच वेगळा असतो. तिथल्या पिल्लाचं वजन तीनेक महिन्यांत भरायला हवं, पुढचा विचार करायचं कारणच नसतं. घरचा ससा आठ-दहा वर्षं जगतो आणि बहुतेकांची वाढ वर्षाच्या आतच पूर्ण होते. नंतर तेच खाद्य चालू ठेवलं की चरबी साठते, आणि कॅल्शियमही. आपलं शरीर साधारण गरजेपुरतं कॅल्शियम शोषून घेतं. ससा मात्र खाण्यात येईल त्या प्रमाणात घेतो आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतो. लसूणघासात ते भरपूर. इंपोर्टेड पाकिटांवर झोकात 'अल्फाल्फा' लिहिलेलं असतं ना, ती हीच आपली लसूणघास. पिल्लांना, गाभण मादीला उत्तम. मोठ्या सशाला रोज नको.

मग मोठ्या सशासाठी लेबलवर काय बघायचं? फायबर किमान १८ टक्के, २० च्या वर असेल तर उत्तम. प्रोटीन १२ ते १४. फॅट ३ च्या आत. कॅल्शियम १ टक्क्याच्या आत. पहिला घटक टिमोथीसारखं गवत असावं, मका नसावा. सगळ्या गोळ्या एकसारख्या असाव्यात. रंगीबेरंगी मिश्र खाद्यातले गोड तुकडे ससे वेचून खातात आणि बाकीचं ठेवतात. (आमच्या घरात चिवड्यातले शेंगदाणे असेच संपतात!) पावसाळ्यात मोठं पोतं घेऊ नका. दमट हवेत बुरशी धरते.

आता गंमत अशी, की एवढं पारखून घेतलेलं खाद्य द्यायचं अगदी थोडं. सशाच्या एक किलो वजनामागे दिवसाला फार तर २५ ग्रॅम. ठमी दोन किलोची, म्हणजे ५० ग्रॅमच्या आतच. पोट भरायचं ते वाळलेल्या गवताने. सशाचे दात जन्मभर वाढतात, ते झिजतात गवत चावूनच. टिमोथी बाहेरून येतं, महाग पडतं. आम्ही ओटचं वाळलेलं गवत आणि हरळी आलटून पालटून देतो. हरळी म्हणजे गणपतीच्या दूर्वाच. फक्त हायवेच्या कडेची आणू नका.

खाद्य बदलताना घाई नको. जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आम्ही तीन आठवडे घेतले. सशाने बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

ठमी आता बरी आहे. लघवी अजून अधूनमधून गढूळ दिसते, पण कुंथणं थांबलं. दर रविवारी लेक तिला टोपलीत बसवून वजन करते आणि वहीत लिहिते. आईला मात्र हे पटलेलं नाही. "एवढंसंच? बिचारीला अजून थोडं वाढ की," म्हणते. आपल्या भाषेत ताटात घालणं म्हणजे वाढणं आणि मोठं होणं म्हणजेही वाढणंच. आईने दोन्ही एकच मानून आम्हा भावंडांना मोठं केलं, तिला काय सांगणार?

म्हणून तिच्या हातात गवताची जुडी देतो. हवं तेवढं वाढ म्हणावं!